सासवडच्या चपला शिवणाऱ्या काकांना

काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय, घरातल्या कुणाच्या मोबाईलवर दिसलं तर ते वाचून दाखवतील तुम्हाला.

१४ जून २०२३, एकादशी होती. माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला, तीसेक किलोमीटरची चाल, त्यात दिवेघाट, आणि त्या वर्षी पाऊस लांबलेला त्यामुळे डांबर नुसतं तापलेलं. घाटात आईच्या चपलेचा अंगठा तुटला. माझे बूट घाल म्हटलं तर ऐकेना, अनवाणीच चालली, सासवड येईपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड.

तुम्ही रस्त्याकडेला बसला होतात, समोर आरी, दोरा, खिळे आणि वारकऱ्यांच्या चपलांचा हा ढीग. आईला बसवलंत, पाणी दिलंत, अंगठा शिवलात आणि मग तिचे तळवे बघून स्वतःच्या बुडाखालच्या उशीतला फोम कापून चपलेत चिकटवलात. मी शंभरची नोट काढली तर म्हणालात, "आज न्हाय माऊली, आमचं वडील बी पालखीच्या दिवशी घेत नव्हते." सकाळपासून तिथेच, उपाशी, आणि पालखी आली, सगळे दर्शनाला धावले तेव्हाही तुमच्या हातात कुणाची तरी चप्पल होतीच, तुम्ही बसल्या जागी मान लववलीत आणि परत टाका घातलात.

ते बघून मला कसंतरीच झालं काका. मी दिवसभर टाळ वाजवत नाम घेत आलो होतो, पण शेजारी लंगडत चाललेल्या एका आजींना साधं थांबून विचारलं नव्हतं, दिंडी पुढे जाईल म्हणून.

उठताना आई तुमच्या पाया पडली, तुम्ही लगेच तिच्या. वारीत सगळेच पडतात एकमेकांच्या पाया, पण तिचे डोळे भरून आले होते.

त्याच चपलांवर ती पंढरपूरला पोचली. आणि लोणंदपासून मी रोज रात्री आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायांना तेल लावायला लागलो, कुणी सांगितलं नव्हतं, तुमचे हात डोळ्यासमोर होते एवढंच. आता दरवर्षी लावतो.

खूप खूप आभार काका. यंदा आईचे गुडघे साथ देत नाहीयेत म्हणून ती येणार नाही. पालखी सासवडला दोन रात्री असते, मी त्याच रस्त्यावर शोधीन तुम्हाला. आईने राजगिऱ्याचे लाडू द्यायला सांगितलेत, उपासाला चालतात म्हणून.