चंपीसाठी धावून आलेल्यांचे आभार

आमची नऊ वर्षांची कुत्री चंपी झोपेत नकळत लघवी करू लागली, तेव्हा सकाळी तिचे गोणपाट भिजलेले असे आणि ती मान खाली घालून कोपऱ्यात बसे. नसबंदीनंतर काही कुत्रींचा मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू सैल पडतो, ही खोड नव्हे तर आजार आहे, हे समजावणाऱ्या म्हापशातील डॉक्टरबाईंचे ऋण फार मोठे आहे.

हा स्नायू आवळणाऱ्या फेनिलप्रोपॅनोलामाइन या औषधाचा गुण पुढे ओसरला, तेव्हा जंतुसंसर्ग नाही ना, मूत्रवाहिनी भलतीकडे उघडत नाही ना, याची खात्री करूनच त्यांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला. कॉल्पोसस्पेन्शन या शस्त्रक्रियेत योनीमार्ग दोन्ही बाजूंनी जघनास्थीपुढच्या (ओटीपोटाखालच्या हाडापुढच्या) कंडरेला टाक्यांनी बांधून मूत्राशयाचे मुख पोटात पुढे आणतात, म्हणजे पोटातला दाब मूत्रमार्गावरही पडून तो मिटलेला राहतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले. काही कुत्रींत गळती पुन्हा सुरू होते, हेही लपवले नाही. त्या स्पष्टपणामुळेच आमचा विश्वास बसला.

भर पावसात डिचोलीहून चंपीला मांडीवरच्या चादरीसकट नेणाऱ्या रिक्षावाल्या भावाने जादा पैसे घेतले नाहीत. शस्त्रक्रियेनंतर लघवी अडते का, हे पाहण्यासाठी शेजारच्या वहिनी पहिल्या दोन रात्री कंदील घेऊन आमच्याबरोबर अंगणात उभ्या राहिल्या. टाके काढताना चंपीचे डोके थोपटत राहिलेल्या मदतनीस मुलाचेही आभार.

सध्या तिचे गोणपाट कोरडे असते.