माई, तुमचे हात गुळाचे होते म्हणून

माई आणि दादा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोस्टाने पाठवणार होते. मग वाटलं, चार लोकांनीही वाचावं. तुमचं नाव-गाव मात्र लिहीत नाही. फोनवर तुम्ही म्हणालात, "आमचं नाव कशाला, आम्ही त्यात काय केलंय?" म्हणून नाशिकजवळ दिंडोरी रस्त्यापासून आत, द्राक्षबागेतलं एक घर, जिथे आम्ही संक्रांतीला पाहुणे म्हणून राहिलो, एवढंच सांगते. काय केलंत ते मात्र सगळं सांगणार आहे, कारण ते मनातून जात नाही. परवा स्वयंपाक करताना आठवलं आणि हातातलं काम तसंच राहिलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगावं लागेल. आमचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर नोंदणी पद्धतीने झालं. मी सत्तावन्न वर्षांची, हे एकसष्ट. दोघांचेही जोडीदार आजारपणात गेले, त्यालाही आता पुष्कळ काळ लोटला. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. त्यातली दोन आमची मुलंच होती, माझी लेक आणि यांचा मुलगा. त्या दोघांनी मिळून आम्हाला नाशिकची सहल भेट दिली. गंगापूर धरणाच्या बाजूला, पाण्याकडे तोंड असलेली खोली, जोडप्यांसाठी खास. लेक म्हणाली, "आई, आता तरी कुणाच्या डब्याची काळजी न करता दोन दिवस राहा."

त्या रिसॉर्टच्या काउंटरवर आमची आधार कार्डं घेतली गेली. माझ्या कार्डावर अजून पहिलंच नाव आहे, ते बदलायला वेळ लागतो. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आतून दुसऱ्याला बोलावलं. त्याने सगळ्या लॉबीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मॅडम, हे तुमचे कोण?" मी म्हटलं, नवरा. "मग नाव वेगळं कसं? लग्नाचा दाखला दाखवा." दाखला कुणी खिशात घेऊन फिरत नाही. फोनमध्ये फोटो शोधेपर्यंत तो म्हणाला, "आमच्याकडे फॅमिली येतात, आम्हाला रेप्युटेशन बघावं लागतं." मागे सोफ्यावर बसलेली माणसं बघत होती. यांचे हात थरथरायला लागले. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, कुणाशी आवाज चढवून बोललेला नाही. मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो.

दोन सज्ञान माणसांनी हॉटेलच्या एका खोलीत राहू नये असा कायदा या देशात नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, आणि तेही लग्न न झालेल्या जोडप्यांबद्दल. आम्ही तर सही-शिक्क्याचे नवरा-बायको. पण त्या काउंटरवर कायदा आठवला नाही. या वयात चोरासारखं उभं केलं, एवढंच कळत होतं.

तुमचा नंबर यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने दिला. संध्याकाळ झाली होती, भोगीचा दिवस. फोन लागला आणि मी काही सांगायच्या आत तुम्ही विचारलंत, "जेवायला बाजरीची भाकरी चालेल ना? आज भोगी आहे." माई, आधी जेवणाचं विचारणाऱ्या माणसाच्या घरी जायला भीती वाटत नाही.

गाडी आत वळली तेव्हा अंधार पडला होता. ओट्यावर दिवा, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, समोर रामशेज किल्ल्याची काळी रेघ. आमची आधार कार्डं दादांनीही घेतली. नियम आहे, घ्यायलाच हवीत. चष्मा लावून वहीत दोघांची नावं उतरवली, कार्डावर होती तशी, एकाखाली एक. वही मिटली आणि म्हणाले, "गरम पाणी काढलंय, हातपाय धुवा." झालं. रिसॉर्टवाल्यांनी बघितलेला कागद तोच होता. वाचणारा माणूस वेगळा होता.

तुमच्याकडचं राहणं कसं होतं हे लोकांना कळायला हवं. पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारी योजना बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि सकाळची न्याहारी करून घालायची, असं तिचं साधं रूप. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, तेव्हापासून शेतावर अशी घरं आणखी दिसायला लागली आहेत. पण योजनेत न्याहारी लिहिलेली असते, ती कोण कशी वाढतं हे लिहिता येत नाही. तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा, भोगीची भाजी. ओला हरभरा, घेवडा, गाजर, वांगी आणि त्यात चार बोरं. भाजीतलं बोर लागलं की हे लहान मुलासारखे माझ्याकडे बघायचे. खोलीत टीव्ही नव्हता. खिडकी उघडली की थॉमसन जातीच्या द्राक्षांचे घड हाताला लागत होते, मण्यात नुकतंच पाणी उतरत होतं. गोधडी तुमच्या जुन्या नऊवारीची. मुलांनी घेतलेल्या त्या खोलीत पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या असणार होत्या म्हणे. मला त्या गोधडीखाली झोप लागली, कितीतरी दिवसांनी, सलग.

आणि ती पहाट. निफाड-दिंडोरीकडे थंडीत पारा दहाच्या खाली जातो हे पेपरात वाचलेलं, पण त्याचा अर्थ तुमच्या बागेत कळला. ऑक्टोबरात छाटणी, मग फुलोरा, विरळणी, भुरी-डावणी या रोगांची धास्ती, आणि सगळं निभावून मणी फुगले की शेवटच्या महिन्यात ही थंडी. मण्याची साल तडकते आणि तडकलेला घड निर्यातीला जात नाही. म्हणून दादा अंधारातच उठून बागेत शेकोट्या पेटवत होते, विहिरीचं पाणी ठिबकला सोडत होते. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. हे आवाजाने उठले आणि मदतीला गेले. मी शाल घेऊन मागोमाग. दोन ओळींच्या मधे शेकोटीपाशी आम्ही दोघं बसलो, दादा पुढच्या शेकोटीकडे गेले. धूर मांडवाखाली पसरत होता. यांनी मला त्यांच्या पहिल्या बायकोबद्दल पहिल्यांदा नीट सांगितलं. मी माझ्या नवऱ्याबद्दल. आम्ही दोघं रडलोही. लग्नाला दोन महिने झाले होते, पण संसार सुरू झाला तो त्या शेकोटीपाशी, असं मी मानते. दादांनी नंतर रामशेजची गोष्ट सांगितली, संभाजी महाराजांच्या काळात या किल्ल्याने मोगलांना वर्षानुवर्षं कसं झुंजवलं ते. सांगताना हात शेकत होते आणि नजर घडांवर होती. स्वतःचं वर्षाचं पीक पणाला लागलेलं असताना त्या माणसाने पाहुण्यांना गोष्ट सांगितली.

पण मी पत्र लिहायला बसले ते संक्रांतीच्या दुपारसाठी.

तुमच्याकडे हळदीकुंकू होतं. वस्तीवरच्या बायका येणार म्हणून सकाळपासून अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली. मी खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मला कुणी जा म्हटलं नव्हतं. सवय होती. नवरा गेल्यावर आमच्या इमारतीत हळदीकुंकवाची बोलावणी माझ्या दारावरून पुढे जायची, खालच्या मजल्यावर टकटक, वरच्या मजल्यावर टकटक, मधे माझं दार गप्प. ज्या शेजारणीच्या मुलाला मी फुकट गणित शिकवलं, तीही नंतर ताट झाकून वाण आणून द्यायची, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." माझ्या सख्ख्या वहिनीने एका मंगळागौरीत मला आतल्या खोलीत बसवलं होतं. त्या सगळ्या वाईट बायका नाहीत. पण त्यांच्यातल्या एकीलाही कधी वाटलं नाही की ही बाई दाराआड काय करत असेल. आणि लग्न झाल्यावर? तेव्हाही बोलावणं आलं नाही. काहींना मी आधीपेक्षा जास्त अडचणीची झाले.

तुम्ही दार वाजवलंत. हातात करंडा. म्हणालात, "ताई, जरा उपकार करा. माझे हात गुळाचे झालेत, चिकटतंय सगळं. तेवढं हळदीकुंकू तुम्ही लावता का सगळ्यांना?" आणि करंडा माझ्या हातात ठेवून निघूनही गेलात.

माई, लाडू सकाळीच वळून झाले होते. डबा मी पाहिला होता. मोरी चार पावलांवर होती. तुमच्या हातांना गूळ नव्हता.

चला, तुम्हीही बसा, असं तुम्ही म्हणू शकला असता. मी आले असते, कडेला बसले असते, सगळ्यांनी मला सामावून घेतल्याचं समाधान मानलं असतं. तुम्ही मला घेणाऱ्यांत बसवलं नाहीत, देणारी केलंत. आणि वर उपकार माझे, तुमचे नाहीत, अशी सोय करून ठेवलीत. एवढं बारीक कुठून सुचतं माणसाला?

चटईवर पहिल्या बसल्या होत्या तुमच्या धाकट्या जाऊबाई. मी हळद लावली, कुंकू लावलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे यजमान गेल्याचं मला संध्याकाळी कळलं. त्यांना पहिल्या जागेवर बसवायचं आणि करंडा माझ्या हातात द्यायचा, हे तुम्ही ठरवून केलंत की तुमच्या घरात ते तसंच चालतं, मी विचारलं नाही. बाकीच्या बायकांपैकी कुणी कुजबुजलं नाही. एक आजी म्हणाल्या, "जरा ठसठशीत लाव गं." वाण म्हणून तुमच्या बागेतल्या बेदाण्यांच्या पुड्या वाटल्या, त्याही मीच.

रात्री तुम्ही विचारलंत, "लग्नानंतरची पहिली संक्रांत ना? सुनेचे हलव्याचे दागिने आहेत, घालता?" मी नको म्हटलं. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, बरं म्हणून डबा ठेवून दिलात. त्याचेही आभार मानायचे राहिले होते. चांगलं करायला निघालेली माणसं कधी कधी समोरच्याचं नको ऐकत नाहीत.

मी शाळेत इतिहास शिकवायची. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, हे वाक्य किती वर्गांना लिहून दिलं असेल. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि त्यांच्या गावच्या मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं, तेही शिकवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो वाचून मी वर्तमानपत्राचं ते पान जपून ठेवलंय. कायदा लागतो, ठराव लागतो, त्याशिवाय काही हलत नाही. पण कायदा होऊन इतकी वर्षं उलटल्यावरही एका चकचकीत काउंटरवर मला हे तुमचे कोण असं विचारलं गेलं. ठराव घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. त्याच्या आत कुणीतरी करंडा उचलून दुसरीच्या हातात द्यावा लागतो, आणि तो देताना तिची मान खाली जाणार नाही एवढं बघावं लागतं. तुमच्यासारखी माणसं ते करतात आणि त्याची कुठे नोंद होत नाही. म्हणून हे पत्र उघडं लिहिलं.

निघताना दादांनी ठरल्यापेक्षा एक पैसा जास्त घेतला नाही. बेदाण्यांचे पैसेही घेतले नाहीत, "वाण विकत नसतं" म्हणाले. यांनी मग त्यांना वाकून नमस्कार केला. वयाने दादा यांच्याहून फार मोठे नाहीत, ते संकोचले. संकोचू नका, दादा. त्या काउंटरवर यांची जी मान खाली गेली होती, ती तुम्ही सन्मानाने वर आणलीत. हे घरी आल्यापासून पुन्हा मोठ्याने हसायला लागलेत.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. सुनेला आणि नातवंडांना आशीर्वाद.

आता एक कामाचं. थंडीने किती घड तडकले ते हे रोज विचारतात, कळवा. निर्यातीतून मागे राहिलेला माल तुम्ही पडत्या भावाने देता, असं दादा म्हणाले होते. तसा देऊ नका. आमच्या कल्याणच्या सोसायटीत मी घरोघर विचारून आलेय, त्याच दारांवर, आणि पंचवीस पेट्यांची नावं लिहून घेतली आहेत. बाग उतरायची तारीख ठरली की आदल्या दिवशी फोन करा. गाडी आम्ही पाठवतो, पैसे आधी पाठवतो, आणि भाव तुम्ही सांगाल तो.

तुमची,
संक्रांतीला करंडा धरलेली पाहुणी