विजयदुर्ग आणि माडबन: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

11 जुलै 2025 ला युनेस्कोने बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आमचा विजयदुर्ग आला. घरी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने उत्तरेच्या तटावर गेलो आणि समोर पाहताना पहिल्यांदाच वाटलं, हे त्या पॅरिसच्या मंडळींना कुणी दाखवलं असेल का?

समोर म्हणजे खाडीच्या मुखापलीकडे. तिकडे राजापूर तालुक्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार दिसतं, पावसात हिरवं, एरवी काळं-तांबडं. त्या सड्यावर माडबन. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जागा तीच. रस्त्याने जायचं तर खाडीला मोठा वळसा पडतो, पण सरळ रेषेत अंतर चार-पाच किलोमीटर. मूळ आराखड्यात प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण 9900 मेगावॅट, जमीन सुमारे 938 हेक्टर. पुरा झाला तर जगातल्या सर्वांत मोठ्या अणुवीज केंद्रांत त्याची गणना होईल. आणि नकाशावर तो नेहमी 'रत्नागिरी जिल्ह्यात' असतो, किल्ला 'सिंधुदुर्ग जिल्ह्यात'. जिल्ह्याची हद्द खाडीतून जाते, त्यामुळे जनसुनावणी झाली ती माडबनला. आमच्या काठाला कुणी विचारलं नाही.

किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा, अणुऊर्जाही केंद्राची, मग पत्र तुम्हाला कशाला, असं आपले सचिव म्हणतील. पण किल्ल्यांच्या नामांकनासाठी राज्याने धावपळ केली आणि श्रेयाचे फलकही राज्याचेच लागले. तेव्हा दार तुमचंच ठोठावणार.

आता अंतराची गंमत सांगतो. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते, हा 2010 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा. माझ्या चुलतभावाची न्हाणी एका पावसात बसली. ती पुन्हा उभी करायला त्याने अर्ज केला, फोटो दिले, नकाशा दिला, मग दुसरा नकाशा दिला. वर्षभर घरातल्या बायका माडाच्या झावळ्यांच्या आडोशाने आंघोळ करत होत्या. तक्रार नाही, किल्ला जपायचा तर कायदा हवाच. पण न्हाणीच्या चार चिऱ्यांनी किल्ल्याला धक्का बसतो आणि सहा अणुभट्ट्यांनी बसत नाही, हे गणित आम्हाला कुणीतरी समजावून द्या.

उलट बाजूनेही वर्तुळं येतातच. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे भट्टीभोवती किमान एक किलोमीटरपर्यंत वस्ती नको. पाच किलोमीटरपर्यंत लोकसंख्या आपल्या नैसर्गिक गतीनेच वाढावी, मोठी भर पडू नये, म्हणून प्रशासनाने लक्ष ठेवायचं. आणि सोळा किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजन. सोळात आम्ही आहोतच. पाचात आहोत की नाही, हे मोजपट्टी कुठल्या भट्टीपासून धरता त्यावर ठरेल. असलो तर काय? एकीकडे पर्यटन विभाग म्हणणार, जागतिक वारसा आहे, न्याहारी-निवास काढा, होड्या वाढवा. दुसरीकडे तहसीलदार म्हणणार, वस्ती वाढवू नका. आमच्या पोरांनी कर्ज काढावं की न काढावं? आणि मे महिन्यात चाकरमानी आलेले, गडावर सहली आलेल्या, अशा दिवशी काही घडलं तर भूशिराच्या टोकावरच्या या गावातून सगळे बाहेर कसे पडणार, हेही त्या सोळा किलोमीटरच्या आराखड्यात लिहिलेलं हवं.

माझा अणुविजेला सरसकट विरोध नाही. पलीकडे साखरी नाटेच्या मच्छीमारांचा आहे, आणि 2011 च्या एप्रिलमध्ये प्रकल्पविरोधी आंदोलनावरच्या पोलीस गोळीबारात तिथला एक माणूस गेला, ते इथे कुणी विसरलेलं नाही. त्यांचा लढा त्यांनी सांगावा. मी किल्ल्यापुरतं बोलतो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडलेले 'साहेबाचे ओटे' आमच्या गडावर आहेत. हेलियम इथेच सापडला असं आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. (ज्यांचं नाव त्या शोधाशी जोडलं जातं ते इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर साहेब त्या दिवशी इथे नव्हतेच, पण ते असो.) विज्ञानाशी आमचं वैर कसं असेल?

वैर आहे ते न विचारता ठरवण्याशी. जैतापूरची पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर 2010 ची. तेव्हा विजयदुर्ग यादीत नव्हता. आता आहे. वारसा स्थळाच्या मूल्यावर परिणाम करू शकणारं मोठं बांधकाम करायचं झालं, तर निर्णय पक्का होण्याआधी युनेस्कोच्या समितीला कळवावं, असं त्यांच्या मार्गदर्शिकेच्या 172 व्या परिच्छेदात आहे. एका पुलापायी ड्रेस्डेनचं एल्बे खोरं 2009 मध्ये यादीतून गेलं आणि धक्क्यावरच्या नव्या इमारतींपायी 2021 मध्ये लिव्हरपूल. लिव्हरपूल तर बंदरच होतं, आमच्यासारखं.

विजयदुर्गाची किंमत नुसत्या तिहेरी तटाची नाही. समुद्र, खाडीचं मुख आणि आत गिर्ये गावाजवळची आरमारी गोदी, हे सगळं मिळून तो आरमारी किल्ला. आंग्र्यांचे टेहळे ज्या क्षितिजावर शिडं शोधत, त्याचीच एक बाजू हा सडा आहे.

म्हणून मागणं एवढंच. अणुभट्ट्यांचा किल्ल्यावर, त्याच्या परिसरावर आणि तटावरून दिसणाऱ्या दृश्यावर काय परिणाम होईल, याचं स्वतंत्र मूल्यांकन राज्याने केंद्राकडे लेखी मागावं. ते मराठीत छापावं. त्यावरची सुनावणी खाडीच्या अलीकडेही घ्यावी, आमच्या धक्क्यावर घेतली तरी चालेल. घाई नाही. याच जातीची फ्रान्समधली फ्लामांव्हीलची भट्टी 2007 मध्ये बांधायला घेतली, तिची वीज 2024 च्या डिसेंबरात आली. त्या मानाने एक अहवाल लिहायला असा किती वेळ लागणार?

आणि त्या अहवालाच्या पहिल्याच पानावर एक आकडा हवा: पहिल्या भट्टीपासून किल्ल्याच्या उत्तर बुरुजापर्यंत नेमके किती मीटर.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
विजयदुर्ग खाडीकाठचा एक रहिवासी