‘शिसवी’ म्हणून रंगवलेलं लाकूड पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: वाडग्याच्या दोन संचांतील बनावट शिसवी, चुकीचा कोन आणि ओलं लाकूड, पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्याकडून मागवलेले लाकडी वाडग्याचे दोन संच मला सावंतवाडीत 4 नोव्हेंबरला मिळाले. दोन्ही मिळून 6,840 रुपये. एका संचात पाच कड्यांसाठी फणस, हळदू, आंबा, बाभूळ आणि शिसवी यांचे प्रत्येकी 12 तुकडे, आणि तळाला सागाची चकती. बारा तुकडे चिकटवून एक कडं करायचं, कड्यावर कडं रचायचं आणि लेथवर, म्हणजे तुकडा गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, कातायचं. मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवून निवृत्त झालो. आयुष्य लोखंड कातण्यात गेलं, लाकूड आता छंद म्हणून कातो. मोजमापाशिवाय बोलायची सवय नाही, म्हणून पत्र जरा लांबेल.

पहिलं कडं गोंद न लावता जुळवून पाहिलं. बारा तुकड्यांच्या कड्यात प्रत्येक टोक 15 अंशांत कापलेलं हवं. तुमचं भरलं पावणेपंधरा. पाव अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण टोकं चोवीस आहेत. पाव अंश चोवीस वेळा चुकला की सहा अंश होतात. अडीचशे मिलिमीटर व्यासाच्या कड्यात शेवटच्या दोन तुकड्यांमध्ये 13 मिलिमीटरची फट राहिली. सहा-सहा तुकड्यांची अर्धी कडी चिकटवली, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यांची टोकं घासून सपाट केली आणि मग जोडली. पाच कड्यांना चार दिवस लागले. एवढ्यावरच भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं.

खरी तक्रार शिसवीची. वाडगा लेथवर चढवला, वरच्या कड्यावर पटाशी टेकवली आणि तिसऱ्या काताला काळ्या-तपकिरी लाकडाखालून पांढरं लाकूड वर आलं. रंग दीड-दोन मिलिमीटरच खोल गेला होता. थिनरचा बोळा फिरवला तर तो जांभळा झाला. त्या भुश्शाने शेजारचं हळदूचं पिवळंधम्मक कडंही मळलं. शिसवी कातताना जो गोडसर वास येतो, त्याचा पत्ता नव्हता.

फोनवर तुमच्या बाईंनी अतिशय नम्रपणे सांगितलं, "सर, लाकूड नैसर्गिक आहे, थोडाफार फरक पडतोच. तो गाभ्याबाहेरचा पांढरा भाग असेल." शिसवीला बाहेरून पांढरा भाग असतो, हे खरं आहे. पण तो झाडाच्या सालीकडच्या बाजूला असतो. इथे तुकड्याच्या चारही बाजूंनी सारख्या जाडीचा काळा थर आहे आणि पांढरं आत आहे. असं झाड मी तरी पाहिलेलं नाही. कापलेल्या तुकड्याचे फोटो सोबत आहेत.

आमच्या सावंतवाडीत लाकडाला रंग देणं हा पिढ्यांचा धंदा आहे. चितारआळीत जाऊन बघा, लाकडी आंबे-केळी खऱ्याला लाजवतील इतकी रंगवलेली असतात. पण ते रंगवलेलं म्हणूनच विकतात, शिसवी म्हणून नाही.

आता ओलाव्याचं. कोकणातल्या दमट हवेने लाकूड ओलं झालं, असं तुम्ही म्हणाल, म्हणून दुसऱ्या संचातलं फणसाचं सीलबंद पाकीट फोडल्या फोडल्या एक तुकडा वजन करून ओव्हनमध्ये सुकवला (घरातून बोलणी खाल्ली, ती वेगळी). 61 ग्रॅमचा तुकडा 51 ग्रॅमवर येऊन थांबला, म्हणजे ओलावा सुक्या वजनाच्या जवळपास 20 टक्के. पाकिटावर छापलंय 8 ते 10 टक्के. लाकूड सुकताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे असे तिरके सांधे आतल्या बाजूने उघडतात. डिसेंबर संपेपर्यंत वाडग्याचे चार सांधे उघडले. असा वाडगा मी पुन्हा लेथवर चढवणार नाही. फिरता तुकडा उडून तोंडावर आला तर काय होतं, हे मी वीस-वीस वर्षांच्या पोरांना शिकवलेलं आहे. ओलावा आधी मोजायला हवा होता, ही चूक माझी. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला.

माझ्या मागण्या अशा: दोन्ही संचांचे 6,840 रुपये परत करावेत आणि माल तुमच्या खर्चाने न्यावा. ‘शिसवी’ म्हणून पाठवलेलं लाकूड कोणतं आणि त्यावरचा रंग कसला, हे लेखी कळवावं. वाडगा नातीच्या बारशाला लाडू ठेवायला करत होतो आणि तो भुसा माझ्याही नाकात गेला आहे. लेखी उत्तर येईपर्यंत जाहिरातीतला ‘अस्सल शिसवी’ हा शब्द काढावा.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दुसऱ्या संचातली शिसवीची पिशवी अजून सीलबंद आहे. ती तुमच्या माणसासमोरच फोडेन.

आपला ग्राहक,
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग

सोबत: बिलाची प्रत, सहा फोटो, रंग लागलेला बोळा (पिशवीत)