पुलापर्यंत न पोचताच परतलो, त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

रविवारी डोंगरवाटेच्या पायी भटकंतीहून परतल्यावर संध्याकाळी फोनवर ‘सगळं नीट झालं’ एवढंच सांगून ठेवून दिला, कारण भाची मागे भूक भूक करत होती. पण त्या वाटेची आखणी करायला तुम्ही माझ्यासोबत नकाशावर घालवलेली ती संध्याकाळ एका वाक्यात उरकण्यासारखी नव्हती, म्हणून हे सविस्तर. चारचौघांत लिहितेय, कारण असे हिशेब घालून घराबाहेर पडणारे माझ्यासारखे आणखी असणारच.

माझा हिशेब तुम्हाला आठवत असेल. वाट १६ किलोमीटर, ताशी ५ किलोमीटर, म्हणजे तीन-सव्वातीन तास. माहितीत ‘मध्यम’ लिहिलेलं, म्हणून मी निवांत. तुम्ही फक्त विचारलंत, “मध्यम म्हणजे कुणाला? आणि चढ किती?” चढ मी पाहिलाच नव्हता. मग तुम्ही पेन्सिलीने एकेक कंटूर रेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) मोजायला लावलीत आणि चढ निघाला ७०० मीटर. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला ठोकताळा मला तेव्हा पहिल्यांदा कळला: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आकडा गेला जवळजवळ साडेचार तासांवर. “हा न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा,” असं म्हणून तुम्ही तो दीडपट केलात. साडेसहा तास! माझ्या हिशेबाच्या दुप्पट. त्या क्षणी थोडा रागही आला होता, खोटं कशाला सांगू.

वाटेची दिशाही तुम्ही उलटी करायला लावलीत. खड्या, मुळ्यामुळ्यांच्या बाजूने वर जायचं आणि लांब, सौम्य उताराने खाली यायचं, म्हणजे दमलेल्या गुडघ्यांवर भार कमी. सायकलवाले बहुतेक दुसऱ्या बाजूने येतात, ते समोरून दिसलेले बरे, हे मला कधी सुचलं नसतं.

पण खरे आभार एका वाक्याचे. “गोल वाट माणसाला फसवते. मागे फिरायला मन घेतच नाही, कारण पुढे गेलं तरी आपण गाडीपाशीच पोचणार असतो.” मग तुम्ही निम्म्यावरच्या लाकडी पुलाभोवती गोल केलात आणि शेजारी लिहिलंत: १ वाजता. तोवर पूल आला नाही तर मागे. जागेवर ठरवायचं नाही, आत्ता ठरवायचं.

नऊला निघायचं ते आम्ही दहाला निघालो (दोष माझ्या भावाचा, पण ते इथे नको). दोन किलोमीटरवर भाचीच्या नव्या बुटाने टाच सोलली. नवे बूट नकोत, असं तुम्ही बजावलं होतंत आणि तेवढं एकच मी ऐकलं नव्हतं. चिकटपट्टी लावली, मोजा बदलला, पण चाल मंदावली ती मंदावलीच. एक वाजला तेव्हा आम्ही सहाव्या किलोमीटरवर होतो. पूल आणखी दोन किलोमीटर पुढे.

आणि फसवणूक सुरू झाली. “आता काय, पूल आलाच,” भाऊ म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं. ऊन छान होतं, कुणी थकल्याचं कबूल करत नव्हतं. मी खिशातून घडी घातलेला नकाशा काढला. तुमचं ते १ वाजता, खाली दोन रेघा. मागे ६ किलोमीटर, तेही उताराचे, पुढे १०. त्या चालीने सहा वाजले असते, आणि सूर्यास्त पावणेसहाचा, शिवाय झाडीत अंधार त्याच्या बराच आधी होतो. वळलो. पुढे गेलो असतो तर बहुधा काहीच झालं नसतं, हेही खरं. पण लंगडणारी मुलगी आणि अंधारातल्या मुळ्या यांचा मेळ मला घालून पाहायचा नव्हता.

परतताना समोरून दोन घोडेस्वार आले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही उताराच्या बाजूला सरकून थांबलो आणि मी मोठ्याने “नमस्कार, छान दिवस आहे” असं काहीबाही बोलत राहिले. पुढच्या घोड्याने आधी दोन्ही कान माझ्या सॅककडे ताठ रोखले होते, पाय अडखळला होता. आवाज ऐकल्यावर एक कान सैल पडून बाजूला वळला आणि तो पुढे निघाला. पाठीवर बोचकं असलेलं हे जनावर माणूसच आहे, हे त्याला आवाजानेच कळतं, हे तुमचं म्हणणं मी गंमत समजले होते. भाची मात्र दिवसभरातला तोच एक क्षण सगळ्यांना सांगत सुटली आहे.

साडेतीनला गाडीपाशी. तुम्हाला ठरलेला फोन सहाच्या आतच गेला, म्हणजे गाडीचा नंबर आणि वाटेचं नाव लिहिलेला तो कागद आता फाडून टाका. तुम्ही फोनवर पूल पाहिलात का, हे विचारलंच नाहीत. टाचेला काय लावलं, तेवढं विचारलंत.

तुमची शिट्टी आणि हेडटॉर्च माझ्याकडेच आहेत. दोन्ही वापरावी लागली नाहीत. पुढच्या महिन्यात दिवस थोडा मोठा झाला की पुन्हा जाणार आहोत, जुने बूट घालून, आणि या वेळी खरोखर नऊला. तोवर ठेवून घेऊ का?

तुमची,
खालच्या मजल्यावरची