ग्रुपवरच्या मराठी शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी जरा वाचा
नमस्कार सर, मॅडम. सकाळपासून गुड मॉर्निंगची फुलं इतकी यायलीत की परवा एका ताईंनी विचारलेला खरा प्रश्न वर कुठंतरी गडप झाला, त्यांच्या वर्गात निम्मी लेकरं तांड्यावरची, म्हणजे बंजारा वस्तीवरची, घरी गोरमाटी ही त्यांची बोली बोलतात, मग पहिलीला मराठी वाचन सुरू कुठून करायचं. तांड्यावर नोकरी केलेल्यांनी उत्तर टाका, व्हॉइस मेसेज बी चालंल. माझं म्हणाल तर वस्तूंची नावं आधी लेकरांकडूनच त्यांच्या बोलीत घ्या, फळ्यावर देवनागरीत लिहा अन शेजारी मराठी शब्द, लेकरू लगेच खुलतं बघा.

'आणि' मधला णि दीर्घ का नाही यावर काल रात्री साडेअकरापर्यंत भांडण चाललं. अहो १९६२ च्या लेखन नियमांतच आहे, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, पण 'आणि' अन 'नि' अपवाद. मिटलं.

दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांसाठी कुणी वर्कशीट केल्या असतील तर पीडीएफ टाका, फोटो नको, झेरॉक्स काळीकुट्ट येते. अन लेकरांचे मार्क, चेहरे ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे तिसऱ्यांदा सांगायलोय.