मॅरेथॉनमध्ये पाणी किती प्यावे, हेही सांगा

संपादक महोदय,

थंडी सुरू झाली की रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत धावण्याच्या स्पर्धांची नोंदणी सुरू होते, आणि पुण्या-कोल्हापूरहून येणाऱ्यांच्या बरोबरीने आपल्याकडचे शिक्षक, बँक कर्मचारी, गृहिणी आणि पन्नाशी ओलांडलेले हौशी धावपटूही त्यांत उतरतात. ही फार आनंदाची गोष्ट आहे. स्पर्धांच्या वैद्यकीय कक्षात काम करणारी एक डॉक्टर या नात्याने मला मात्र एक काळजी वाटते. माहितीपत्रकात, व्हॉट्सअ‍ॅप समूहांत आणि ध्वनिक्षेपकावर पाण्याविषयी एकच सूचना दिली जाते, ती म्हणजे ‘भरपूर पाणी प्या, तहान लागायची वाट पाहू नका’. ही सूचना अपुरी आहे आणि सावकाश धावणाऱ्यांसाठी प्रसंगी जिवावर बेतणारी आहे.

अमेरिकेत २००२ साली बोस्टन मॅरेथॉन संपवणाऱ्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल, म्हणजे सामान्य पातळीच्या तळाशी, किंवा त्याहूनही खाली गेलेले होते, तर तिघांचे १२० किंवा त्याखाली, म्हणजे मेंदूला सूज येऊन मृत्यू ओढवू शकेल इतके घसरलेले होते. हे प्रामुख्याने कोणाच्या बाबतीत घडले? चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्यांच्या आणि धावून झाल्यावर ज्यांचे वजन वाढलेले होते, त्यांच्या. दीर्घ श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक सोडते, त्यामुळे मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकू शकत नाहीत आणि प्यालेले पाणी रक्त पातळ करत राहते. साधा हिशेब करून पाहावा. पूर्ण मॅरेथॉनमध्ये दर दोन किलोमीटरला एक याप्रमाणे वीस हायड्रेशन पॉइंट, म्हणजे पाणी देण्याची ठिकाणे, असतील आणि प्रत्येक ठिकाणी २०० मिलिलिटरचा पेला रिकामा केला, तर पोटात चार लिटर पाणी जाते. साडेपाच तास चालत-धावत जाणाऱ्या, पन्नास किलो वजनाच्या महिलेला तेवढा घाम येईलच असे नाही.

तज्ज्ञांनी आपली भूमिका केव्हाच बदलली आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९९६ मध्ये घामाची पूर्ण भरपाई करावी किंवा सोसेल तितके प्यावे असे म्हटले होते. २००७ मध्ये त्याच संस्थेने प्रत्येकाच्या घामाचे प्रमाण वेगळे असते हे मान्य करून, वजनात दोन टक्क्यांहून अधिक घट होऊ नये आणि वाढ तर मुळीच होऊ नये, असे सांगितले. २०१५ मध्ये याच विषयावर भरलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेने तहानेनुसार पिणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग ठरवला. आपली माहितीपत्रके मात्र अजून १९९६ मध्येच आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोकणात या प्रश्नाला दमट हवेची जोड मिळते. मतलई वारे पडलेले असतात आणि खारे वारे अजून सुटलेले नसतात, अशी सकाळची ती कोंदट वेळ किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि हौशी धावपटू नेमके त्याच वेळी रत्नागिरीजवळच्या भाट्ये किंवा आरे-वारेसारख्या रस्त्यांच्या चढांवर असतात. अंगावरून निथळून खाली पडलेला घाम शरीराला थंड करत नाही. वाळलेला घामच उष्णता नेतो. म्हणून घाटावरचा धावपटू येथे आपल्या नेहमीच्या वेगाने धावला, तर कितीही पाणी पिऊन त्याचे तापमान वाढायचे थांबत नाही. त्याने वेग कमी करणे हाच उपाय आहे, आणि शक्य असल्यास स्पर्धेपूर्वी दहा-बारा दिवस दमट हवेत सराव करणे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला मुळातच खूप घाम येतो आणि जो जोराने धावतो, त्याचे तासाला एक ते दीड लिटर पाणी सहज जाते, त्याला कमी पिऊन चालणार नाही. तासाभराच्या सरावाआधी आणि सरावानंतर, घाम पुसून, वजन करावे. मधल्या वेळात काही प्यायले नसेल, तर घटलेला प्रत्येक किलो म्हणजे सुमारे एक लिटर घाम. एवढ्या मापावर ज्याला-त्याला आपला अंदाज बांधता येतो.

आपल्याकडे काय प्यावे, याविषयीही थोडे. शहाळ्याचे पाणी उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते, तर घामातून मुख्यतः सोडियम जाते. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालून केलेले पातळ, कमी गोड कोकम सरबत किंवा मीठ घातलेले ताक मला अधिक पटते, आणि धावून आल्यावर मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज तर फारच चांगली. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचे असते, एका पेल्यात नव्हे. नावात ‘ओआरएस’ मिरवणाऱ्या गोड पेयांना ते नाव वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे, हेही खरेदी करताना ध्यानात असावे. तथापि मीठ घेतले म्हणून वाटेल तेवढे प्यायची मुभा मिळत नाही, कारण क्रीडापेयांतील सोडियमही रक्ताच्या मानाने फार कमी असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी जादा मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, आणि धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची जी सवय वाढते आहे, ती सर्वांनीच सोडावी.

एका स्पर्धेत डोकेदुखी, उलट्या आणि सुजलेली बोटे घेऊन आलेल्या महिलेला पाणी कमी पडले असे गृहीत धरून स्वयंसेवक आणखी पाणी पाजत होते. अशा रुग्णाला पाणी थांबवावे लागते आणि साधे सलाईनही घाईने लावू नये. गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा झटके दिसले आणि सोडियम कमी असल्याचे तपासणीत आढळले, तर ३ टक्क्यांचे, म्हणजे साध्याहून अधिक खारट, सलाईन १०० मिलिलिटर शिरेतून द्यावे लागते.

आयोजकांना माझी विनंती आहे की, बिब (धावपटूच्या क्रमांकाची पट्टी) वाटपाच्या वेळी वजनकाटा ठेवावा आणि वजनाची नोंद बिबच्या मागे करावी. वैद्यकीय कक्षात सोडियम तपासण्याचे छोटे यंत्र आणि ३ टक्के सलाईन असावे. उष्माघातासाठी ताडपत्री, बर्फ व पाणी तयार ठेवावे, कारण अशा रुग्णाला रुग्णालयात हलवण्याआधी जागेवरच थंड करायचे असते; मिरकरवाड्यासारखी मासेमारीची बंदरे असलेल्या जिल्ह्यात बर्फ मिळवणे अवघड नाही. हायड्रेशन पॉइंटवरील स्वयंसेवकांनी पेला हाती देताना ‘प्या, प्या’ असा आग्रह न करता ‘तहान असेल तर घ्या’ एवढेच म्हणावे, आणि हेच वाक्य माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापावे.

आपली विश्वासू,
एक डॉक्टर व हौशी धावपटू, रत्नागिरी